जाड पेशंटला इंट्युबेशनसाठी (तोंडातून श्वासनळीत ट्यूब टाकण्यासाठी) उशी नेमकी कुठे आणि किती? स्निफिंग की रॅम्प?

जेआर_मेडिकलचौक

नमस्कार सगळ्यांना. भूलशास्त्रात पहिल्या वर्षाला आहे, नागपुरातच. प्रश्न साधा वाटेल पण बरेच दिवस डोक्यात फिरून राहिला आहे आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) विचारायला निवांत वेळच मिळत नाही, म्हणून इथे टाकतेय.

आमच्याकडे प्रत्येक टेबलवर वेगळी पद्धत दिसते. एक सर म्हणतात डोक्याखाली एक घट्ट उशी, सात ते दहा सेंटीमीटर, मान पुढे, डोकं मागे, झाली स्निफिंग पोझिशन, सगळ्यांना हेच. एक मॅडम आहेत त्या पेशंट थोडा जरी अंगाने भारी असला की पाठीखालून चादरींच्या घड्यांचा उतार, म्हणजे रॅम्प, रचायला लावतात, मग बाजूला जाऊन खाली वाकून कान आणि छाती बघतात, पटलं नाही तर परत एक घडी. तिसरे सर काहीच रचत नाहीत, टेबलची पाठ उचलतात आणि डोक्याखाली एक हेड रिंग, संपलं. तिघांचीही ट्यूब जाते हो, म्हणूनच तर मला कळत नाही की यातलं नेमकं काय महत्त्वाचं आहे आणि काय फक्त सवयीचं.

पुढच्या आठवड्यात लिस्टवर एक ताई आहेत, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचंय. वजन १०४, उंची १५२ सेंमी (आकडे थोडे बदललेत), म्हणजे बीएमआय ४५. मान आखूड आणि जाड, मॅलमपाटी (तोंड उघडल्यावर घसा कितपत दिसतो त्याची श्रेणी) ३, तोंड तीन बोटं उघडतं, मान मागे बऱ्यापैकी जाते. रात्री घोरतात आणि दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही असं घरचे सांगतात. मॅडम म्हणाल्या की पोझिशन तू लावायची, मी बघते.

तर विचारायचं हे की रॅम्प कुठून सुरू करायचा, कमरेपासून की खांद्यापासून? किती उंच पुरे हे कशावरून ठरवायचं? आधी लावायचा की भूल देऊन झाल्यावर? आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ते तीन अक्ष एका रेषेत येतात वालं उत्तर अजून चालतं का, कारण एका सिनियरने सांगितलं की ते खोटं ठरलंय आणि पुस्तकात तर तेच छापलंय.

मोठं झालं, माफ करा. पण नीट समजून घ्यायचंय.

धंतोलीची_भूलवाली

बाळा, प्रश्न साधा नाही, इंट्युबेशन अवघड जाण्याची जी कारणं आपल्या हातात असतात त्यातलं हे पहिलं आहे. लॅरिंगोस्कोपचं (स्वरयंत्र बघायच्या यंत्राचं) ब्लेड बदलण्याआधी, बुजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी) मागण्याआधी, सिनियरला हाक मारण्याआधी पेशंट कसा झोपलाय ते बघायचं. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पोझिशन पेशंट जागा असतानाच लावायची. शंभर किलोच्या बाईला रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) दिल्यावर उचलून घड्या सरकवायच्या म्हणजे चार माणसं लागतात, मास्क सुटतो, आणि घड्याळ चालू झालेलं असतं. जागी असेल तर ती स्वतःच उठून बसते, तू मागे रचतेस, ती टेकते. शिवाय तीच तुला सांगते की मान आवळली जातेय, किंवा आता श्वास मोकळा झाला. ते ऐकायचं. ज्या उंचीवर त्या ताईंना श्वास मोकळा वाटतो ती उंची बहुतेक वेळा तुझ्या कामाचीच निघते. दोन उशांशिवाय झोप येत नाही हे घरच्यांनी सांगितलं ना, ती तुझ्यासाठी मोठी माहिती आहे, पीएसीच्या (भुलेआधीच्या तपासणीच्या) कागदावर ठळक लिही.

आता रॅम्प कुठून. नुसत्या डोक्याखाली नाही, हे पक्कं ध्यानात ठेव. जाड पेशंटच्या पाठीवर, खांद्याच्या वरच्या भागात चरबीचा थर असतो, त्यामुळे सपाट झोपवलं की धड वर उचललं जातं आणि डोकं मागे खाली लोंबतं. आता तू फक्त डोक्याखाली उशांवर उशा रचल्या तर हनुवटी छातीला चिकटते, तोंड उघडायला जागा नाही, लॅरिंगोस्कोपचा दांडा छातीवर अडकतो. म्हणून उतार पाठीच्या मधून, खांद्याच्या पात्यांच्या खालून सुरू व्हायला पाहिजे आणि वर चढत डोक्यापर्यंत जायला पाहिजे, सगळ्यात उंच डोकं. खांद्याखाली जाड, डोक्याखाली त्याहून जाड.

किती उंच, तर सेंटीमीटर मोजू नको. टेबलच्या बाजूला जा, वाकून पेशंटच्या पातळीला डोळे आण, आणि कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच म्हणजे स्टर्नल नॉच या दोन खुणा एका आडव्या रेषेत आल्या का ते बघ. कान खाली असेल तर अजून घडी. रेष जुळली की चेहरा छताला समांतर किंवा किंचित मागे झुकलेला पाहिजे. बस. बारीक माणसाला हीच रेष एका उशीत जुळते, या ताईंना कदाचित सहा-सात घड्या लागतील, आणि ज्या माणसाचा बांधा मध्यम आहे पण कुबड आहे त्याला आणखी वेगळं. तुझे सर जी एक उशी म्हणतात आणि तुझ्या मॅडम जो रॅम्प म्हणतात त्या दोन वेगळ्या पोझिशन नाहीतच, मान छातीवर पुढे आणि डोकं मानेवर मागे हेच दोन्हीकडे आहे, पेशंट बदलला म्हणून सामान बदललं. तिसऱ्या सरांचं टेबलची पाठ उचलणं पण चुकीचं नाही, टेबल चांगलं असेल तर पाठीचा भाग उचलून, डोक्याची पट्टी सेट करून तीच रेष मिळते आणि घड्या काढायची कटकट वाचते. फक्त कान आणि खाच बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

व्हायव्हाचं. मॅगिलने १९३६ साली सकाळची हवा हुंगताना डोकं जसं असतं तसं ठेवा असं लिहिलं. पुढे १९४४ मध्ये बॅनिस्टर आणि मॅकबेथ यांनी तोंडाचा, घशाचा आणि स्वरयंत्राचा असे तीन अक्ष या पोझिशनमध्ये एका रेषेत येतात असं मांडलं. पिढ्यानपिढ्या तेच शिकवलं. २००१ मध्ये अॅडने आणि त्यांच्या फ्रान्समधल्या टीमने आठ निरोगी लोकांचे एमआरआय काढले तर ते तीन अक्ष काही एका रेषेत येईनात, ना सपाट, ना नुसतं डोकं मागे करून, ना स्निफिंगमध्ये. त्याच वर्षी त्यांनी ४५६ पेशंटमध्ये स्निफिंग आणि नुसतं डोकं मागे करणं यांची तुलना केली, सरसकट बघितलं तर फरक नाही, पण जाड पेशंट आणि ज्यांची मान मागे कमी जाते त्यांच्यात स्निफिंगचा फायदा दिसला. म्हणजे परीक्षेत सांग की तीन अक्षांचं स्पष्टीकरण शब्दशः खरं नाही, पोझिशन मात्र कामाची आहे आणि जिथे इंट्युबेशन अवघड असतं तिथेच जास्त कामाची. असं उत्तर दिलंस तर कोणी मार्क कापणार नाही. ग्रीनलँड यांची दोन वळणांची मांडणी पण वाचून ठेव, मान पुढे आणल्याने एक वळण सरळ होतं आणि डोकं मागे केल्याने दुसरं, मला ती शिकवायला जास्त बरी वाटते.

आणि एक गोष्ट जी तुझ्या प्रश्नात नाही पण सगळ्यात महत्त्वाची आहे. आपण सगळे पोझिशन म्हणजे व्ह्यू, स्वरयंत्र किती दिसतं, एवढंच धरून बसतो. अगं श्वास बघ. सपाट झोपवल्यावर जाड पेशंटचं पोट डायफ्रॅमला वर ढकलतं, फुप्फुसात श्वास सोडल्यावर जी हवा शिल्लक राहते, एफआरसी, ती खूप कमी होते, आणि आपण प्रीऑक्सिजनेशनमध्ये (भुलेआधी मास्कने ऑक्सिजन देऊन) जो ऑक्सिजन साठवतो तो याच साठ्यात असतो. २००५ मध्ये डिक्सन यांनी बीएमआय ४० च्या वरच्या पेशंटमध्ये दाखवलंय, २५ अंश डोकं वर ठेवून प्रीऑक्सिजनेशन केलं तर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९२ टक्क्यांला यायला सरासरी २०१ सेकंद लागले, सपाट झोपवलं तर १५५. ती पाऊण मिनिटं तुझी आहेत. त्यात एक शांत लॅरिंगोस्कोपी होते. व्ह्यू कसाही येवो, ही पाऊण मिनिटं सोडू नको.

टेबलची उंची पण बघ. पेशंटचा चेहरा तुझ्या छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापाशी आला पाहिजे. रॅम्प लावला की डोकं वर जातं, मग तू टाचा उंचावून उभी राहतेस आणि जोर मनगटात येतो. टेबल खाली घे, ते जमत नसेल तर पायाखाली स्टूल घे, लाजायचं नाही.

ओटीवाला_सक्करदरा

मॅडमनी सगळं बरोबर लिहिलं. मी ओटी टेक्निशियन आहे, मी फक्त रचायचं कसं ते सांगतो काऊन का ते काम शेवटी आमच्याच हाताने होते आणि पुस्तकात ते नसते.

उशा वापरू नका. मऊ उशी दिसायला उंच दिसते, शंभर किलोचं माणूस टेकलं की चपटी होऊन जाते आणि मग तुमची रेष गेली. ओटीच्या जाड सुती चादरी घ्या, लांबीत घडी करून टणक थप्पी करा. पहिल्या दोन लांब ठेवा, पाठीच्या मधापासून डोक्यापर्यंत, त्यावर दोन खांद्यापासून, त्यावर फक्त डोक्याच्या. पायरी नाही दिसली पाहिजे, उतार दिसला पाहिजे, पायरी राहिली तर ती मधल्या मणक्यात रुतते आणि पेशंट सारखा हलतो. सगळ्यात वर एक आडवी ड्रॉशीट टाका, दोन्ही बाजूने लोंबती, म्हणजे वर-खाली करायचं झालं तर दोन जणं ती धरून उचलतात, पेशंटच्या काखेत हात घालून ओढायची गरज नाही. फोमचा तयार वेज रेक्झिन लावून बनवून घेतला तर अजून सोपं, कोणताही चांगला गादीवाला मापाने करून देते, पण घट्ट फोम सांगा आणि पुसता आला पाहिजे.

हात विसरतात सगळे. धड वर गेलं आणि आर्मबोर्ड खालीच राहिला तर खांदा मागे ओढला जाते, तासाभराच्या ऑपरेशनमध्ये हाताच्या नसा दुखावतात. आर्मबोर्डवर पण घडी टाका, हात खांद्याच्या पातळीला आणा, नव्वद अंशाच्या पुढे बाहेर नेऊ नका.

ट्यूब गेल्यावर सर्जनला सपाट पाहिजे असते आणि तेव्हा घाई होते. घड्या एक-एक करून काढा, एकदम झटक्यात नाही. डोकं एकाने दोन्ही हातांनी धरायचं, ट्यूब त्याच्याच बोटात, सर्किट मोकळं करून मग काढा. आणि काढल्यावर भूलवाल्या डॉक्टरांना मी दरवेळी सांगतो, दोन्हीकडे परत ऐका. मान पुढे वाकली की ट्यूब आत जाते, मागे गेली की बाहेर येते, दोनेक सेंटीमीटरचा फरक सहज पडते. आधी बरोबर ऐकू आलं म्हणून नंतर पण असेलच असं नाही. एक सवय करा, संपेपर्यंत घड्या ओटीतून बाहेर नेऊ नका, ट्यूब काढताना परत डोकं वर पाहिजेच असते.

मोठ्या छातीच्या बायकांमध्ये दांडा अडकते, शॉर्ट हँडल असेल तर ट्रेमध्ये आधीच लावून देतो आम्ही. नसेल तर ब्लेड सुटी तोंडात घालून मग हँडल जोडणारे सर पण आहेत, जमते तेही.

आयसीयू_रात्रपाळी

थोडं वेगळं मत मांडतो, मॅडमच्या अनुभवाला पूर्ण मान ठेवून. रॅम्प म्हणजे प्रत्येकाला चांगलाच असं मनात बसवून घेऊ नये.

२०१७ मध्ये सेमलर आणि सहकाऱ्यांचा आयसीयूतल्या २६० मोठ्या माणसांवरचा अभ्यास आला, रॅम्प विरुद्ध स्निफिंग. सॅच्युरेशनमध्ये फरक पडला नाहीच, उलट रॅम्पमध्ये खराब व्ह्यू, म्हणजे ग्रेड तीन-चार, २५.४ टक्के आणि स्निफिंगमध्ये ११.५ टक्के. पहिल्याच प्रयत्नात ट्यूब जाण्याचं प्रमाण रॅम्पमध्ये ७६.२ आणि स्निफिंगमध्ये ८५.४. हे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. आमच्याकडे रात्री तीन वाजता न्यूमोनियाचा पेशंट दमून येतो, एअर मॅट्रेस मऊ, पलंगाचं हेडबोर्ड निघत नाही, तिथे घड्या रचत बसायला वेळ नसतो. मी मॅट्रेस कडक करतो, पेशंट वर ओढून डोकं अगदी कडेला आणतो, डोक्याखाली एक घट्ट घडी, पलंगाची पाठ थोडी वर. एवढ्यात भागतं.

धंतोलीची_भूलवाली

अभ्यास चांगला आणला, तो वाचलाच पाहिजे. पण वाचताना दोन गोष्टी बघा. त्यात रॅम्प म्हणजे पलंगाची पाठ २५ अंश उचलली होती, कान आणि खाच बघून चादरींनी रचलेला रॅम्प नव्हता. धड वर गेलं पण डोकं छातीच्या मानाने पुढे आलंच असं नाही. दुसरं, ते सरसकट आयसीयूतले पेशंट होते, निवडून घेतलेले लठ्ठ नव्हते. २००४ मध्ये कॉलिन्स यांनी साठ अतिलठ्ठ पेशंटमध्ये चादरींचा रॅम्प आणि साधी स्निफिंग तपासली तेव्हा रॅम्पमध्ये व्ह्यू चांगला आला. आणि ओटीच्या बाहेरच्या इमर्जन्सी इंट्युबेशनमध्ये २०१६ चा खंडेलवाल यांचा ५२८ पेशंटचा आढावा आहे, पाठ आणि डोकं दोन्ही वर ठेवलेल्यांत गुंतागुंती ९.३ टक्के, सपाट झोपवलेल्यांत २२.६. तो मागे वळून केलेला अभ्यास आहे, तुमच्यासारखा चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, हे मी मान्य करते.

मला वाटतं तुमचं आणि माझं भांडण नाहीच. तुम्ही पण डोक्याखाली घडी घालताच की. नुसती पाठ उचलून डोकं तसंच सोडून दिलं तर व्ह्यू बिघडणारच, याच्यावर आपलं एकमत आहे.

आयसीयू_रात्रपाळी

हो, यावर एकमत. आणि डोकं लोंबतं राहिलंच तर एक उपाय हाताशी असतो तो जेआरला सांगून ठेवतो. लॅरिंगोस्कोप आत असताना व्ह्यू अर्धवट दिसला तर उजवा हात डोक्याखाली घालून डोकं वर उचलायचं, मान अजून पुढे येते आणि बऱ्याच वेळा ग्रेड सुधारतो. व्ह्यू आला की मदतनीसाने डोकं तसंच धरायचं आणि तुमचा हात मोकळा. बाहेरून स्वरयंत्र दाबायचं तेही आधी स्वतःच्या उजव्या हाताने दाबून बघायचं, जिथे दिसतं तिथे मदतनीसाचं बोट ठेवायचं. मानेला मार लागलेला असेल तर मात्र हे काहीच करायचं नाही, तिथे कॉलरचा पुढचा भाग काढून एकाने दोन्ही हातांनी मान सरळ धरायची, उशी नाही, ओढणं नाही, आणि व्हिडिओ किंवा बुजी आधीपासून हातात.

लेकरांची_भूल

लहान लेकरांचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. दोन वर्षांखालच्या बाळाचं डोकं मागून मोठं असतं, त्यामुळे सपाट ठेवलं तरी मान आपोआप पुढे येते. त्यात तुम्ही डोक्याखाली उशी टाकली तर हनुवटी छातीला आणि श्वास बंद. तान्ह्या बाळाला उलट खांद्याखाली छोटा रोल आणि डोक्याखाली रिंग, डोकं स्थिर राहावं म्हणून. बघायचं तेच, कान आणि छातीची खाच. मोठ्यांची पोझिशन लेकरांना लावून राहिलेले दिसतात म्हणून सांगितलं.

गरोदर बाईत विसाव्या आठवड्यानंतर उजव्या कुल्ह्याखाली वेज, डावीकडे साधारण १५ अंश कलवून, आणि वरून रॅम्प पण. दोन्ही एकत्र लावायचे असतात, एक लावला म्हणून दुसरा सोडायचा नाही. त्यांचं सॅच्युरेशन पण झपकन पडतं.

आईसाठी_विचारतो

मी डॉक्टर नाही, शोधता शोधता इथे आलो. माझ्या आईचं पण पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, पूर्ण भूल देणार म्हणाले. तिला मानेच्या मणक्याचा त्रास आहे, मान मागे केली की हाताला मुंग्या येतात. वरचं वाचून काळजी वाटू लागली की भूल दिल्यावर डोकं मागे करतील तर काही होईल का? तिला तर तेव्हा सांगता पण येणार नाही. आणि दवाखान्यात हे कोणाला सांगायचं, सर्जनला की कोणाला?

धंतोलीची_भूलवाली

दादा, विचारलंत ते फार चांगलं केलंत. हे भूलतज्ज्ञाला सांगायचं, ऑपरेशनच्या आधी जी भुलेची तपासणी होते त्यात. सर्जनला सांगितलंय म्हणून आमच्यापर्यंत पोचलं असेल असं धरू नका, आईंना स्वतः सांगायला लावा किंवा तुम्ही सोबत जा. मान कुठपर्यंत मागे नेली की मुंग्या येतात ते त्या जाग्या असताना करून दाखवतील, मग आम्ही तिथपर्यंत जातच नाही. अशा पेशंटला मान सरळ ठेवून व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने किंवा दुर्बिणीने ट्यूब टाकता येते, कधी पेशंटला थोडं जागं ठेवून, घसा बधिर करून. एमआरआय किंवा जुने एक्सरे असतील तर सोबत न्या. संधिवात असेल, म्हणजे बोटं वाकडी झालेला आमवात, तर तोही सांगा, त्यात मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात.

आणि हे फक्त आईंसाठी नाही, कोणीही नातेवाईक वाचत असेल तर तपासणीत लपवू नका: सपाट झोपल्यावर दम लागतो का, रात्री घोरताना श्वास थांबतो का, कवळी किंवा हलणारे दात आहेत का, आधी कधी भुलेत ट्यूब टाकताना त्रास झाला होता का. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचा). आपल्या नागपूरकडे हे मला कळकळीने सांगावं लागतं. वर्षानुवर्षं खर्रा खाऊन तोंडाच्या आतली कातडी दोरीसारखी आखडते, तोंड दोन बोटं पण उघडत नाही, पंचविशीतली पोरं येतात अशी. तिथे कितीही सुंदर रॅम्प रचा, ब्लेडच आत जात नाही. पेशंट बाहेर सांगतो मी काही खात नाही, आणि तोंड उघडायला सांगितलं की दिसतं. लपवलं तर टेबलवर कळतं, आणि तेव्हा पर्याय कमी असतात. आधी कळलं तर नाकातून दुर्बिणीने, जागं ठेवून, आरामात होतं. जेआर, तुझ्यासाठी पण हेच आहे, पोझिशन चांगली लागली म्हणून एअरवेची तपासणी सोडायची नाही, पोझिशन तोंड उघडून देत नाही.

सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) पण विचारा. विदर्भात घराघरात पेशंट सापडतात. त्यांना सॅच्युरेशन पडणं आणि अंग गार पडणं दोन्ही चालत नाही, त्यामुळे बारीक असले तरी मी डोकं वर ठेवूनच प्रीऑक्सिजनेशन करते आणि पूर्ण वेळ ब्लँकेट.

आईसाठी_विचारतो

खूप खूप आभार मॅडम. सगळं लिहून घेतलं. जुना एमआरआय आहे घरी, घेऊन जातो.

जेआर_मेडिकलचौक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून नाही सांगितलं. मी असं ठरवलंय: ताईंना ओटीत बसवून मागे चादरी रचणार, टेकल्यावर त्यांनाच विचारणार, मग बाजूने कान आणि खाच, आर्मबोर्डवर घडी, टेबल खाली. मास्क घट्ट लावून तीन मिनिटं प्रीऑक्सिजनेशन, ईटीओटू (सोडलेल्या श्वासातला ऑक्सिजन) ९० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पुढे नाही. सोबत नाकात कॅन्युला.

एकच शेवटचं. आमच्याकडे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे, मॅडम म्हणाल्या तो बाजूला तयार ठेवू. तो जर वापरायचा झाला तर रॅम्प तसाच ठेवायचा की पोझिशन बदलायची?

धंतोलीची_भूलवाली

रॅम्प तसाच. तो ऑक्सिजनसाठी पण आहे हे विसरू नको. फरक फक्त डोक्याच्या वरच्या हालचालीत. तुमच्याकडचं ब्लेड मॅकिंटॉशच्या (नेहमीच्या, कमी वाकलेल्या) आकाराचं असेल तर सगळं तेच. जास्त वाकलेलं ब्लेड असेल तर डोकं फार मागे करायची गरज नसते, जवळपास सरळ ठेवूनही स्वरयंत्र दिसतं, उलट फार मागे केलं तर दिसतं छान पण ट्यूब समोरच्या भिंतीला अडकते. तिथे ब्लेडच्या वळणाची स्टायलेट (ट्यूबच्या आत घालायची तार) लागतेच, आणि ब्लेड थोडं मागे घेऊन व्ह्यू जरा लहान केला तर ट्यूब सोपी जाते.

ईटीओटूचा आकडा चढतच नसेल तर मास्कच्या कडेने गळतंय, दुसऱ्या माणसाला दोन्ही हातांनी मास्क धरायला लाव. आणि स्कोलीन (तेच स्नायू सैल करणारं औषध) भरण्याआधी मॅडमना एकदा बाजूने रेष दाखव, त्या बघतेच म्हणाल्यात.

ओटीवाला_सक्करदरा

आणि चादरी आदल्या दिवशीच सिस्टरला सांगून ठेवा, आठ-दहा जास्तीच्या. सकाळी लिस्ट सुरू झाली की आमच्याकडे एक पण मोकळी सापडत नाही. स्टूल पण.